चूक झाली, आता चार्टमध्ये काय लिहू?

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू काय विचारलंस ते आधी थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं उत्तर कशाबद्दल आहे ते इतर मुलींनाही कळेल.

एएनएम, म्हणजे सहायक परिचारिकेचा कोर्स, करून आठ महिन्यांपूर्वी तू साताऱ्याकडून पुण्याला आलीस आणि एका छोट्या खासगी हॉस्पिटलात लागलीस. सुट्टीच्या दिवशी नर्सिंग ब्यूरोतर्फे कोथरूडला एका आजींकडे घरची ड्युटीही करतेस. गेल्या आठवड्यात रात्रपाळीला तू एकटी होतीस आणि पेशंट चौदा. पायाच्या जखमेसाठी ॲडमिट असलेल्या आजोबांना जेवणाआधी १० युनिट इन्सुलिन द्यायचं होतं. त्यांनी घरून इन्सुलिनचं पेन आणलं होतं, पण पेनच्या सुया संपल्या होत्या. मग तू पेनच्या काट्रिजमधून, म्हणजे आतल्या औषधाच्या नळीतून, साध्या लाल टोपीच्या इन्सुलिन सिरिंजने १० च्या रेघेपर्यंत औषध ओढलंस आणि दिलंस. दोन तासांनी आजोबांना दरदरून घाम फुटला. शुगर ४८ निघाली. ड्युटी डॉक्टरांनी डेक्स्ट्रोज (ग्लुकोज) दिलं, आजोबा सावरले. पहाटे तुझ्या लक्षात आलं की घोळ सिरिंजचा होता. सीनियर सिस्टर म्हणाल्या, ‘पेशंटला काही झालं नाही ना? मग कुठे लिहू नकोस, बोलू नकोस. नोकरी जाईल.’ तेव्हापासून तुला झोप नाही. आजोबा अजून त्याच वॉर्डात आहेत आणि तुला ‘बाळ’ म्हणून हाक मारतात. तू विचारतेस, सुरक्षित आणि नैतिक नर्सिंग म्हणजे नेमकं काय, आणि मी या कामाला लायक आहे का.

बत्तीस वर्षं मी पुण्यात वॉर्डात काढली. त्यातली शेवटची अकरा इनचार्ज म्हणून. वयाने तू माझ्या मुलीएवढी असशील, म्हणून ‘तू’ म्हणते. चुकीनंतर जिला झोप लागत नाही तिच्या हाती पेशंट सोपवायला मी कधी घाबरले नाही. तेव्हा लायकीचा प्रश्न बाजूला ठेव. आज करायचं काम वेगळं आहे. ती चूक डॉक्टरांना सांगायची आणि केस पेपरवर लिहायची. का आणि कशी, ते सांगते.

आधी सिरिंजचं समजून घे. आपल्याकडे इन्सुलिन मुख्यतः दोन ताकदींत मिळतं. बऱ्याच बाटल्या ४० च्या असतात, म्हणजे एक मिलीत ४० युनिट. त्यांची सिरिंज लाल टोपीची. पेनचं काट्रिज मात्र सहसा १०० चं, एक मिलीत १०० युनिट. काही बाटल्याही १०० च्या येतात आणि त्यांची सिरिंज नारिंगी टोपीची. लाल टोपीच्या सिरिंजवर १० ची रेघ म्हणजे पाव मिली. ४० च्या बाटलीतलं पाव मिली म्हणजे बरोबर १० युनिट. पण १०० च्या काट्रिजमधलं पाव मिली म्हणजे २५ युनिट. आजोबांना अडीचपट गेलं. हे गणित एकदा कागदावर स्वतः मांड, म्हणजे जन्मात विसरणार नाहीस. उलटी चूकही होते. ४० च्या बाटलीला नारिंगी सिरिंज लावली की १० च्या रेघेला चारच युनिट जातात. शुगर उतरत नाही, डॉक्टर डोस वाढवतात, आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी बरोबर सिरिंज वापरली की पेशंट घामाघूम. म्हणून पेनमधलं औषध सिरिंजने ओढायचंच नाही. पेनची सुई नसेल तर सुई मागवायची, नाहीतर डॉक्टरांना विचारून बाटलीतलं इन्सुलिन त्याच्या सिरिंजने द्यायचं. आणि एका पेशंटचं पेन दुसऱ्याला कधीही नाही, सुई बदलली तरी नाही, कारण रक्ताचा अंश काट्रिजमध्ये मागे येऊ शकतो.

आता बघ, चूक तुझ्या हातून झाली, पण तिची तयारी आधीच करून ठेवलेली होती. पेनच्या सुया संपलेल्या, सिरिंजची निवड घाईवर सोडलेली, चौदा पेशंटांना एक मुलगी आणि जेवणाची वेळ. तू गप्प राहिलीस तर हे सगळं तसंच राहील. पुढच्या महिन्यात नवी मुलगी लागेल, तिच्यापुढे तोच ट्रे येईल.

पण सांगण्याचं सगळ्यात मोठं कारण आजोबांच्या पायाशी आहे. डॉक्टरांच्या नजरेने केस पेपर वाच. ‘१० युनिट दिलं, दोन तासांनी शुगर ४८.’ त्यांना काय वाटणार? या माणसाला १० युनिट झेपत नाही. ते डोस कमी करतील. किंवा किडनीची शंका येऊन तपासण्या लिहितील, कारण किडनी खराब झाली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं. डोस कमी झाला की शुगर चढेल, आणि चढलेल्या शुगरमध्ये पायाची जखम भरत नाही. ‘पेशंटला काही झालं नाही’ हे सीनियर सिस्टरांचं म्हणणं त्या रात्रीपुरतंच खरं होतं. खोट्या नोंदीवर पुढचे उपचार ठरतात आणि इजा तिथून पुढे चालू राहते. माझ्या अनुभवात पेशंटचं नुकसान चुकीपेक्षा लपवलेल्या चुकीने जास्त झालं आहे. सुरक्षा आणि नीती ही दोन वेगळी प्रकरणं म्हणून शिकवतात. वॉर्डात ती एकाच कागदावर असतात, तुझ्या नोंदीत.

तर लिहायचं असं. आजची तारीख आणि आत्ताची वेळ टाक, ‘उशिरा केलेली नोंद’ असं स्पष्ट म्हण. मग सरळ काय घडलं ते. किती वाजता, कुठलं इन्सुलिन, किती ताकदीचं, कुठल्या सिरिंजने, प्रत्यक्षात अंदाजे किती युनिट गेलं, शुगर किती झाली, काय दिलं, नंतरची शुगर किती, कुठल्या डॉक्टरांना किती वाजता कळवलं. ‘नजरचुकीने’, ‘कामाच्या ताणामुळे’ हे शब्द केस पेपरवर नकोत. कारणं वेगळ्या घटना-अहवालात लिहायची. तुमच्याकडे तसा फॉर्म नसेल तर साध्या कागदावर मेट्रनच्या (मुख्य सिस्टरच्या) नावे लिही आणि एक प्रत स्वतःकडे ठेव. त्या रात्रीची जुनी नोंद खोडायची नाही, व्हाइटनर नाही, पान बदलायचं नाही, मागची तारीख टाकायची नाही. लिहिताना शब्द चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी, बाजूला सही. चूक कबूल केल्याने नोकरी जातेच असं नाही, आणि गेली तरी दुसरी मिळते. खोटी नोंद पकडली गेली तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनपर्यंत प्रकरण जाऊ शकतं.

सीनियर सिस्टरांवर रागावू नकोस. त्यांनाही कुणीतरी असंच गप्प केलं असेल. त्यांना आधी सांग, ‘ताई, मी आज डॉक्टरांना सांगणार आहे,’ आणि मग जा. पाठीमागून गेलीस तर वॉर्डात राहणं जड जाईल.

हे सगळं मी तुला ठासून का सांगते, त्यामागे माझीही एक रात्र आहे. नोकरीला लागून दुसरं वर्ष असेल. पुण्यातल्याच एका वॉर्डात न्यूमोनियाचा एक माणूस होता, चाळिशीचा, मार्केट यार्डात हमाली करणारा. रात्री दोनच्या टीपीआरला, म्हणजे ताप-नाडी-श्वासाच्या नोंदीला, मी ताप पाहिला, नाडी मोजली आणि श्वासाच्या रकान्यात २० लिहिलं. मोजला नव्हता. आधीच्या सहा नोंदीही २० च होत्या, आणि त्याही कुणी मोजल्या नव्हत्या हे मला नंतर कळलं. पहाटे साडेपाचला त्याचे ओठ निळसर दिसले तेव्हा श्वास मिनिटाला ३८ होता. आयसीयूत नेलं. तो वाचला, पण बावीस दिवस लागले. त्याची बायको रोज बाहेरच्या बाकावर बसलेली असायची आणि मला पाहिलं की उठून उभी राहायची. मी कुणालाही सांगितलं नाही. त्या बाईच्या उठून उभं राहण्याचा त्रास मला आजही होतो.

मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० असतो. पेशंट बिघडू लागला की बऱ्याचदा सगळ्यांत आधी श्वास वाढतो, बीपी शेवटी पडतं. मोजायला मशीन लागत नाही, एक मिनिट लागतं. म्हणून तोच रकाना सगळ्यांत जास्त खोटा भरला जातो. नाडी धरल्यासारखा हात मनगटावर ठेव आणि छातीकडे पाहत पूर्ण मिनिट मोज. आपण श्वास मोजतोय हे पेशंटला कळलं की त्याचा श्वास बदलतो. आणि मोजायला वेळ मिळाला नाही तर रकाना रिकामा ठेव. रिकामा रकाना पाहून दुसरं कुणी मोजेल. २० पाहून कुणी मोजणार नाही.

नावाचंही असंच आहे. औषध देताना ‘तुम्ही अमुक ना?’ असं विचारू नकोस. कमी ऐकू येणारी आजी कशालाही ‘हो बाळा’ म्हणते. माझ्या वॉर्डात एकाच नावाच्या, एकाच आडनावाच्या दोन आजी समोरासमोरच्या खाटांवर होत्या. एकीला रक्त पातळ करण्याचं इंजेक्शन, दुसरीचं दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. विचारायचं ते असं, ‘आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा.’ इथे आपल्याकडची एक अडचण येते. पूर्ण नावात नवऱ्याचं नाव येतं, आणि भोर-वेल्ह्याकडची जुनी बाई ते घेत नाही. तोंडाला पदर लावते, सुनेकडे बघते. तिच्यावर घाई करू नकोस. हातातल्या पट्ट्यावरचा नोंदणी क्रमांक केस पेपरशी जुळव, गाव विचार, वय विचार. दोन खुणा जुळल्याशिवाय औषध नाही, आणि खाटेचा नंबर ही खूण नाही, कारण खाटा रात्रीत बदलतात. नव्या लग्न झालेल्या मुलींचं आधार कार्ड माहेरच्या नावाचं आणि केस पेपर सासरच्या नावाचा असतो, तेही लक्षात ठेव. रक्त चढवताना तर दोघींनी मिळून पिशवी, पट्टा आणि कागद मोठ्याने वाचायचे आणि पहिली पंधरा मिनिटं खाटेजवळून हलायचं नाही.

फोनवरची ऑर्डर ही रात्रपाळीची दुसरी धोक्याची जागा. ‘सात’ आणि ‘साठ’ फोनवर सारखंच ऐकू येतं. ऐकलेलं लिही, लिहिलेलं परत वाचून दाखव, आकडा सुटा करून म्हण, ‘सर, सहा-शून्य की नुसतं सात?’ सर वैतागतील. वैतागू देत. सकाळी राउंडला त्यावर त्यांची सही घ्यायची. आणि इन्सुलिन लिहिताना ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिही. इंग्रजीतला एकटा ‘यू’ घाईत शून्यासारखा दिसतो आणि १० चे १०० होतात.

इन्सुलिनसारखीच आणखी दोन औषधं तुझ्या ट्रॉलीत असतील ज्यांना चुकीला जागा नाही. पोटॅशियम क्लोराइडचा दहा मिलीचा अँप्यूल, जो डिस्टिल्ड वॉटरसारखाच दिसतो आणि थेट शिरेत गेला तर हृदय थांबवतो. तो पातळ केल्याशिवाय, सावकाश सोडल्याशिवाय कधीच नाही, आणि तो ट्रॉलीत ठेवायचाच नाही, वेगळ्या कप्प्यात, लाल चिठ्ठी लावून. दुसरं हेपॅरिन. त्याची बाटली एका मिलीत १००० युनिटची येते आणि ५००० चीही. दोन्ही जवळजवळ सारख्या दिसतात. ही औषधं भरली की दुसऱ्या माणसाला दाखव. रात्री एकटी असशील तर ड्युटी डॉक्टरांना उठव. झोपमोड केल्याबद्दल माफी मागायची गरज नाही.

चौदा पेशंट आणि एकटी, याचं उत्तर माझ्याकडे पूर्ण नाही. तू शिस्तीने कितीही वागलीस तरी एका माणसाच्या हातून ठरावीक वेळात ठरावीकच काम होतं. पण दोन गोष्टी करता येतात. ड्युटी घेताना आधीच्या पाळीकडून हँडओव्हर नुसता कागदावरून नको, खाटेजवळ जाऊन घे. कोण ऑक्सिजनवर, कुणाचं ऑपरेशन झालंय, कुणाला इन्सुलिन, कोण पडण्यासारखा. त्यातल्या तिघाचौघांना आधी बघ, मग बाकीच्यांचे टीपीआर. आणि ज्या रात्री काम हाताबाहेर वाटेल त्या रात्री आकड्यांत कळव. ‘खूप लोड आहे’ म्हटलं की कुणी ऐकत नाही. ‘चौदा पेशंट, दोन ऑक्सिजनवर, तीन इन्सुलिनवर, एक ताजं ऑपरेशन, मी एकटी,’ असं लिहून मेट्रनला पाठव. असे चार कागद जमले की मॅनेजमेंटला उत्तर द्यावं लागतं.

आणखी एक, जे तुला कुणी सांगणार नाही. एएनएमचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम मुळात गावच्या आरोग्यसेवेसाठी आखलेला आहे. लसीकरण, बाळंतपण, माता-बालकं. तुला वॉर्डात उभं केलं जातं कारण तुला पगार कमी द्यावा लागतो. यात तुझा दोष काही नाही. पण जे शिकवलेलं नाही ते ‘येतं’ म्हणून करू नकोस. ‘मी हे कधी केलेलं नाही, एकदा समोर करून दाखवा’ हे वाक्य म्हणायला शीक. मी इनचार्ज असताना हे म्हणणाऱ्या मुलींवर माझा सगळ्यांत जास्त भरवसा होता.

आता पेशंटच्या मानाबद्दल. आपल्या भाषेत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ आहे आणि वॉर्डात त्याचा हिशेब खिशावरून होतो हे मी पाहिलं आहे. स्पेशल रूममधल्या तिशीच्या तरुणाला ‘तुम्ही’ आणि जनरल वॉर्डातल्या साठीच्या कष्टकरी बाईला ‘ए आजी, सरक’. हे सोडून दे. स्पंजिंग करताना पडदा ओढ, आणि ज्या भागाला पाणी लावतेस तेवढाच उघडा ठेव. अंगाला हात लावण्याआधी सांग. बेशुद्ध पेशंटलाही सांग, ‘काका, आता कुशीवर वळवते.’ ऐकणं बरेचदा शाबूत असतं. एचआयव्हीच्या पेशंटच्या खाटेवर किंवा केस पेपरच्या दर्शनी भागावर खूण करू नकोस. त्याची माहिती त्याच्या परवानगीशिवाय उघड करायला २०१७ च्या कायद्याने मनाई आहे, आणि लिफ्टमध्ये मावशीजवळ कुजबुजणं हे उघड करणंच आहे.

संमतीपत्रावर सही घेण्याचं काम आपल्यावर ढकललं जातं. ऑपरेशन काय, धोका काय, हे समजावून सांगणं डॉक्टरांचं काम आहे. तू साक्षीदार आहेस. सही घेण्याआधी विचार, ‘उद्या काय करणार आहेत ते तुम्हाला समजलं का? मला सांगा बरं.’ पेशंट म्हणाला ‘साहेबांनाच माहीत’, तर कागद बाजूला ठेव आणि डॉक्टरांना परत बोलाव.

याच्याहून अवघड प्रसंग तुझ्यावर नक्की येईल. मुलगा व्हरांड्यात गाठून म्हणेल, ‘सिस्टर, बाबांना कॅन्सर आहे हे त्यांना सांगू नका.’ आणि रात्री बाबा तुझा हात धरून विचारतील, ‘पोरी, खरं सांग, मला काय झालंय?’ मी सुरुवातीला ‘काही नाही काका, बरं वाटेल’ म्हणायचे. ते खोटं होतं, आणि बहुतेकांना ते कळायचं. निदान सांगणं आपलं काम नाही हे खरं. पण खोटं बोलणंही आपलं काम नाही. नंतर मी स्टूल ओढून बसायला लागले. ‘तुम्हाला काय वाटतंय, काका?’ एवढंच विचारायचं. बरेच जण स्वतःच सांगतात. मग म्हणायचं, ‘सकाळी डॉक्टर आले की हा प्रश्न आपण दोघं मिळून विचारू,’ आणि सकाळी खरोखर त्यांच्या खाटेपाशी उभं राहायचं. मुलालाही सांग की बाबांनी विचारलं आहे. तो चिडला तरी ते त्याला कळायला हवं.

बेडसोरबद्दल, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांबद्दल, तू विचारलं नाहीस, पण कोथरूडच्या आजी अंथरुणाला खिळलेल्या आहेत म्हणून लिहिते. दर दोन तासांनी कूस बदल, माकडहाड आणि टाचा रोज बघ, लाल झालेल्या जागेवर बोट दाबून सोड. पांढरी होऊन परत लाल झाली तर ठीक. लाल ती लालच राहिली तर तिथे इजा सुरू झाली आहे. त्या जागेला चोळायचं नाही. टाचांखाली रिंग नको, पोटरीखाली उशी दे म्हणजे टाच अधांतरी राहील. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या नर्स अरुणा शानबाग तिथेच झालेल्या हल्ल्यानंतर नोव्हेंबर १९७३ पासून १८ मे २०१५ पर्यंत अंथरुणात होत्या. तिथल्या नर्सेसनी त्यांना बेडसोर होऊ दिला नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालात याचा उल्लेख आहे. त्या नर्सेसच्या किती पिढ्या बदलल्या असतील. प्रत्येकीने आपल्या पाळीत कूस बदलली आणि पुढचीला सांगून गेली.

घरच्या ड्युटीत तिघांचा विचार करावा लागतो, पेशंट, घरचे आणि व्हिडिओ कॉलवर अमेरिकेत असलेली मुलं. तू लिहिलंस की आजी रात्री बडबडतात म्हणून सून झोपेची अजून अर्धी गोळी द्यायला सांगते. देऊ नकोस. अचानक बडबड सुरू होण्यामागे लघवीचं इन्फेक्शन असतं, लघवी तुंबलेली असते, पोट साफ नसतं, सोडियम कमी झालेलं असतं, कधी नुसतं कानातलं मशीन काढून ठेवलेलं असतं. जादा गोळीने आजी गप्प होतील आणि पहाटे बाथरूमला जाताना पडतील. डॉक्टरांना फोन लावायला सांग. सुनेवरही चिडू नकोस, ती कित्येक महिने धड झोपलेली नसेल. खोलीत कॅमेरा असेल तर अंघोळीच्या वेळी तो झाकायचा हे पहिल्या दिवशीच ठरवून घे. दिवाळीची साडी घ्यायला हरकत नाही. दागिने सांभाळणं, एटीएमचा नंबर, बँकेतून पैसे काढून आणणं, याला नम्रपणे नाही म्हण.

आणि स्वतःचा जीव. पुण्यात सेवेचा विषय निघाला की सावित्रीबाईंचं नाव निघतं, आणि निघायलाच हवं. १८९७ च्या प्लेगात त्या स्वतः रुग्णांना घेऊन मुलगा यशवंतच्या दवाखान्यात जात होत्या, आणि त्यातच १० मार्चला प्लेगने गेल्या. पण त्यांचं नाव घेऊन कुणी तुला हातमोज्यांशिवाय ड्रेसिंग करायला लावत असेल तर ऐकू नकोस. तेव्हा प्लेगवर प्रतिजैविक नव्हतं. त्यांच्याकडे जे नव्हतं ते तुझ्याकडे आहे, ते वापर. ९ मार्च २०२० ला महाराष्ट्रातले कोरोनाचे पहिले पेशंट पुणे महापालिकेच्या नायडू रुग्णालयात आले, तेव्हा तिथल्या सिस्टरना किट घालण्याइतकंच, किंबहुना जास्त, ते नीट क्रमाने उतरवणं सांभाळावं लागलं.

हिपॅटायटिस बीचे तीन डोस झालेत का बघ, नसतील तर या आठवड्यात सुरू कर. वापरलेल्या सुईला टोपी परत लावायची नाही, सरळ सुईच्या पांढऱ्या डब्यात टाकायची. सुई टोचलीच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धू, जखम पिळू नकोस, बोट तोंडात घालू नकोस आणि लगेच कळव. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांच्या आत आणि जास्तीत जास्त ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, पुढे २८ दिवस चालतं. इथेही गप्प बसण्याची किंमत तूच मोजशील. आमच्या वेळी एका मुलीने तीन आठवड्यांनी सांगितलं होतं, भीतीपोटी. नशिबाने तिचे रिपोर्ट चांगले आले, पण ते तीन आठवडे तिने कसे काढले ते मी पाहिलं आहे.

राहिले आजोबा. त्यांनाही कळायला हवं. शरीर त्यांचं आहे, घाम त्यांना फुटला होता, आणि त्यांना कदाचित वाटत असेल की आपला आजार बळावला. एकटीने जाऊ नकोस आणि रात्री तर मुळीच नको. आधी डॉक्टरांना सांगून झालं की त्यांच्याबरोबर दिवसा जा, मुलगा किंवा सून आलेली असेल अशा वेळी. नातेवाईक आवाज चढवतील ही भीती खरी आहे. आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे, पण तिथपर्यंत सहसा जात नाही. माझ्या अनुभवात लोक चुकीपेक्षा टोलवाटोलवीवर जास्त चिडतात. डॉक्टर बोलून झाले की तू बोल. खाटेच्या उंचीला बसून, लांबड न लावता. ‘आजोबा, त्या रात्री तुम्हाला घाम आला तो माझ्या हातून इन्सुलिन जास्त गेल्यामुळे. तुमचा आजार वाढलेला नाही. चूक माझी होती, मला माफ करा. आता रोज डोस भरला की सिरिंज तुम्हाला दाखवीन, आकडा तुम्ही वाचायचा.’

मग त्या रात्रीपासून सिरिंज खरोखर त्यांच्या चष्म्यासमोर धर.